घसा बसलेलं घड्याळ

अल्बीनाआजींच्या आयुष्यात सिग्ने आली ती एका गाईच्या पायामुळे.

त्या वेळी आजी सात-आठ वर्षांच्या असतील. आईवडील बोहेमिया हा चेक मुलूख सोडून अमेरिकेत, नेब्रास्काच्या माळावर आलेले. घर म्हणजे गवताच्या मुळांसकट कापून काढलेल्या मातीच्या ढेकळांच्या चार भिंती. झाड औषधालाही नाही. चहूकडे गवत, आणि गवतावर वारा. ओढ्यापलीकडे कुणी स्वीडिश कुटुंब राहायला आलंय असं कानावर होतं, पण घर काही दिसत नव्हतं. दिसणार कसं? त्यांनी टेकाडाच्या पोटात खोदून घर केलं होतं. छपरावरसुद्धा गवतच.

अल्बीना गाय चारत होती. गाय चरता चरता टेकाडावर चढली आणि तिचा मागचा पाय एकदम जमिनीत गेला.

जमिनीखालून किंकाळी आली.

अल्बीना टेकाडाला वळसा घालून धावली, तर तिथे दार. आत अर्धवट अंधार. टेबलावर बटाट्याचं सूप वाढलेलं, आणि त्याच्या बरोबर वर छतातून लोंबणारा गाईचा पाय. एक बाई ओरडत होती. एक माणूस डोक्याला हात लावून उभा होता. आणि पांढुरक्या वेण्यांची एक मुलगी स्टुलावर चढून फडक्याने गाईचा खूर पुसत होती. सुपात चिखल पडू नये म्हणून.

ती सिग्ने.

पुढचं सगळं आजींना सलग आठवत नसे. तुकडे आठवत. ओढ्यात पाय सोडून बसायचं. एकीने चेक शब्द सांगायचा, दुसरीने स्वीडिश. शाळा निघाली तेव्हा दोघींत मिळून इंग्रजीचं एकच पुस्तक होतं. पान उलटायचं कुणी यावरून भांडण. हिवाळ्यात सिग्नेच्या घरात चुलीपाशी बसलं की भिंतीवरचं घड्याळ वाजायचं. सिग्नेच्या बापाने ते बोटीतून मांडीवर घेऊन आणलं होतं. टेकाडाच्या ओलीने त्याचा घसा बसला. ते टण् असं वाजतच नसे. आधी खरखर, मग खोकल्यासारखा एक आवाज. अल्बीना त्याची नक्कल करायची आणि सिग्ने हसता हसता जमिनीवर लोळायची. मग उठून फ्रॉक झटकायची. आधी पुढून, मग मागून.

दोघी मोठ्या झाल्या. दोघींची लग्नं झाली. ओढ्याच्या अलीकडे हाव्रानेकांचा, म्हणजे अल्बीनाच्या सासरचा मका, पलीकडे सिग्नेच्या नवऱ्याच्या गाई. लाकडाची घरं उभी राहिली. सिग्नेबरोबर ते घड्याळही नव्या घरात गेलं. कोरड्या भिंतीवर टांगूनही त्याचा घसा सुटला नाही.

मग फोन आला.

एकच तार आणि तिच्यावर ओढ्याकाठची सगळी घरं. भिंतीवरच्या पेटीचा दांडा फिरवला की सगळीकडे घंटी वाजे. कुणाची दोनदा लांब, कुणाची एकदा लांब नि दोनदा आखूड. आपली नसली तरी रिसीव्हर उचलायचा, तोंडावर हात ठेवायचा आणि ऐकायचं. सगळेच ऐकत. कबूल कुणीच करत नसे. बाजारात तीच बातमी पुन्हा समोर आली की डोळे मोठे करून म्हणायचं, "काय सांगतेस!" मी ऐकत होतो असं म्हणणारा निर्लज्ज. तू ऐकत होतास असं म्हणणारा तर त्याहून निर्लज्ज. त्या माळावर हा शिष्टाचार चर्चमधल्या शिष्टाचारापेक्षा कडक होता.

कोण ऐकतंय हे मात्र कळायचं. डूलनबाईंच्या घरचा पिवळा पक्षी शीळ घालायचा. म्हातारा ऑगस्ट क्लाइन नाकाने श्वास घ्यायचा.

सिग्नेचा एकुलता एक मुलगा, ॲक्सेल, एका वसंतात कॅलिफोर्नियाला निघून गेला. भांडून की न भांडता, कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात आजींच्या बहिणीचा, रुझेनाचा, फोन आला. बोलता बोलता विषय निघाला आणि आजी हसत म्हणाल्या, "अगं, त्या घरात कोंबड्यासुद्धा पाय पुसून आत येतात. पोरगं पळून जाईल नाहीतर काय करेल?"

रुझेना खिदळली.

आणि तारेवर खरखर झाली. मग खोकल्यासारखा आवाज. पुन्हा खरखर, पुन्हा खोकला. मग कट्. कुणीतरी रिसीव्हर ठेवला होता.

आजींनी रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला.

माफी मागायची तर आधी म्हणावं लागणार, तू ऐकत होतीस. सिग्नेने जाब विचारायचा तर तिला आधी म्हणावं लागणार, मी ऐकत होते. दोघींपैकी एकीच्याही तोंडून ते निघालं नाही. दिवस गेले, मग वर्षं गेली. दुकानात समोरासमोर आल्या की सिग्ने म्हणायची, "वारा आहे आज." आजी म्हणायच्या, "आहे खरा." नेब्रास्कात वारा रोजच असतो. ॲक्सेल परत आला नाही. दोघींचे नवरे गेले. दोन्ही वेळा दोघी दफनाला आल्या, हात हातात घेतला, आणि वाऱ्याबद्दल बोलून परतल्या.

एकोणपन्नास सालच्या जानेवारीत बर्फ पडायला लागला तो थांबेचना. कुंपणं गेली. कोंबड्यांचं खुराडं गेलं. उत्तरेकडच्या खिडक्या बर्फाखाली गेल्या आणि स्वयंपाकघरात दिवसाही निळसर उजेड राहू लागला, पाण्याखाली असावा तसा. मुलगा एमिल दोरी धरून गोठ्यात जायचा. सरकारी विमानं यायची आणि गुरांसाठी गवताचे भारे टाकून जायची. आजी दक्षिणेच्या खिडकीतून बघत बसत. आकाशातून गवत पडत होतं. आपण जागे आहोत की नाही, असं त्यांना वाटून जाई.

त्यांच्याकडे शाळेची मास्तरीण राहायला होती. एस्थर पेल. लिंकन शहरातल्या विद्यापीठात साहित्य शिकून नुकतीच आलेली. शाळा बंद, रस्ता बंद. तिच्या बॅगेत एक कादंबरी होती. जुनी, नावाजलेली, पण फारसा आवाज न करणारी. एका दुपारी तिने ती आजींच्या मांडीवर ठेवली.

"मला कशाला?" आजी म्हणाल्या. "मी पंचांग वाचते, तेही चेक."

"दोन पानं वाचा, आजी. नाही आवडलं तर परत द्या."

गोष्ट साधी होती. नव्या मुलखात एक मोठी नदी. नदीवर नाव चालवणाऱ्याची एक मुलगी. जमीन मोजायला आलेल्या माणसाचा एक मुलगा. दोघं नदीकाठी खेळतात. तिला त्याची भाषा येत नाही, त्याला पोहता येत नाही. ती त्याला पोहायला शिकवते. मग मोजणी संपते आणि मुलगा बापाबरोबर निघून जातो. मुलगी तिथेच राहते. नाव चालवते, पोरं वाढवते. वर्षानुवर्षं नदी वाहते.

आजी बोट ठेवून वाचत होत्या. ओठ हलत होते. संध्याकाळी एमिल हात शेकत म्हणाला, "आई, आहे तरी काय त्यात?"

"काही नाही. गवत वाढतं."

"मग ते आपल्याकडे फुकट बघायला मिळतं."

सून व्लास्ता कणीक मळता मळता हसली. आजी हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी पुसला, आणि तो पुसायला बराच वेळ लागला.

"एस्थर," त्या म्हणाल्या, "हे सगळं मला माहीत होतं. हे कुणी लिहून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ऑगस्ट क्लाइनचा फोन आला. तो एकटा राहायचा, कानाने अधू. बर्फ पडल्यापासून रोज फोन करायचा.

"अल्बीनाबाई, जिवंत आहात का?"

"नाही. भूत बोलतंय. तुमचं काय?"

"मी पण अर्धा गेलोय. काय करताय?"

"पुस्तक वाचतेय."

थोडा वेळ नुसता नाकाचा श्वास. मग तो म्हणाला, "मोठ्याने वाचा की. माझ्या घरात दहा दिवस माणसाचा आवाज नाही. डुकरांचा आहे, पण ती माझीच बोलणी मला ऐकवतात."

आजींनी वाचायला सुरुवात केली. चेक वळणाचं इंग्रजी, अडखळत, एकेक शब्द पाण्यातून उचलून काठावर ठेवावा तसं. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा तारेवर शीळ ऐकू आली. डूलनबाईंचा पक्षी.

तिसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला. तारेचं असंच असतं. जितक्या घरांतून रिसीव्हर उचलतील तितका आवाज पातळ होत जातो, सूप जास्त ताटल्यांत वाढल्यासारखा.

"अल्बीनाबाई, ऐकू येत नाही!" ऑगस्ट ओरडला.

"कसं येणार? अख्खा ओढा बसलाय इथे." आजी जरा थांबल्या. "म्हणजे, मी आपलं म्हणते. कुणी ऐकत नाहीच आहे, मला माहीत आहे."

तारेवर चिडीचूप. मग कुणीतरी शिंकलं. व्लास्ताने पदर तोंडात घ्यावा तसा ॲप्रन तोंडात घेतला.

मग तो रोजचाच नेम झाला. दुपारची कामं आवरली की आजी फोनपाशी उंच स्टुलावर बसत. एस्थर पुस्तक धरून शेजारी उभी. बाहेर गवत पडे, नाहीतर बर्फ. आत नदी वाहे. आजींना कधी कधी कळेनासं व्हायचं, नावाड्याच्या पोरीचं वाचतोय की आपलं. पुस्तकात उन्हाळा असला की त्यांच्या पायांना ओढ्याचं पाणी लागायचं.

आणि एका दुपारी, मुलगा पहिल्यांदा पाण्यात उतरतो त्या पानावर, तारेवर खरखर झाली. मग खोकल्यासारखा आवाज.

आजी वाचायच्या थांबल्या.

"काय झालं?" एस्थरने हळूच विचारलं.

आजींनी मान हलवली. त्या पुढे वाचू लागल्या, पण आता त्या ऑगस्टसाठी वाचत नव्हत्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कान देत होत्या. सिग्ने ऐकत होती. ओढ्यापलीकडे, बर्फाखाली, एकटी. त्यांना भीती एकच. काहीतरी चुकीचं बोललो तर कट् असा आवाज येईल आणि ते घड्याळ पुन्हा वीस वर्षं ऐकू यायचं नाही. आणि दोघींकडे वीस वर्षं उरली नव्हती.

त्या रात्री जेवताना त्यांनी एस्थरला सगळं सांगितलं. गाईपासून कोंबड्यांपर्यंत. एस्थरने चमचा खाली ठेवला.

"मग तुम्ही सरळ बोलत का नाही?"

"काय बोलू? तू चोरून ऐकतेस म्हणू? सगळ्यांच्या देखत?"

"पण सगळेच चोरून ऐकतात, आजी!"

"म्हणूनच तर," आजी म्हणाल्या.

एमिलने पाव मोडला. "आई, तुझ्या त्या दिवसाच्या कोंबड्या सगळ्या ओढ्याने ऐकल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी दळायला गेलो तर गिरणीत लोक पाय पुसून आत येत होते."

आजींनी त्याच्याकडे बघितलं. ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितली नव्हती.

फेब्रुवारीत लष्कराचे बुलडोझर आले. दूरवर त्यांची घरघर ऐकू येऊ लागली. रोज एकेक घर मोकळं होत होतं. रस्ता झाला की माणसं गुरांमागे जाणार, दुपारी फोनपाशी कुणी बसणार नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

त्या दुपारी आवाज अगदीच पातळ होता. सगळेच आले असणार. शेवटच्या प्रकरणात जमीन मोजणाऱ्याचा मुलगा म्हातारा होऊन नदीवर परत येतो. आता पूल झालेला आहे. नाव काठावर उलटी पडलेली आहे. नावाड्याची मुलगी तिच्यावर कपडे वाळत घालते आहे. ती त्याला ओळखते की नाही ते लगेच कळत नाही.

"ऐकू येत नाही!" ऑगस्ट ओरडला. "ओळखते का ती? जोरात वाचा!"

आजींनी घसा खाकरला. पुन्हा तेच वाक्य वाचलं. आवाज वाऱ्यात विरल्यासारखा गेला. आणि त्या पातळ आवाजाच्या तळाशी ती खरखर होती. मग खोकला. सिग्ने होती.

आजींनी पुस्तकावर हात ठेवला.

"ऑगस्ट," त्या म्हणाल्या. "आज हे पान मला एका माणसाला वाचून दाखवायचंय. एकालाच. त्या माणसाला नीट ऐकू गेलं पाहिजे." त्या थांबल्या. "मी कुणाचं नाव घेत नाही. कुणी ऐकत नाहीच आहे."

तारेवर नुसते श्वास. एस्थर कान लावून वाकली होती.

कट्.

मग आणखी एक. पक्ष्याची शीळ मधेच तुटली. कट्. कट्. ओढ्याच्या वरच्या अंगाची घरं, खालच्या अंगाची घरं. गोष्टीचा शेवट हातात असताना एकेकजण रिसीव्हर ठेवत होता. महिनाभर जे ऐकायला बसले होते ते सगळे. दर कट्बरोबर तारेवरचा आवाज भरत आला, बर्फ बाजूला सारल्यावर खिडकीत उजेड येतो तसा.

"मी जातो," ऑगस्ट म्हणाला. "पण ओळखते की नाही तेवढं उद्या सांगा." आणि नाकाचा श्वास बंद झाला.

आता तारेवर घड्याळाची टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती. आजींनी पुस्तक उचललं. एस्थरने खालून आधार दिला. आजींनी शेवटचं पान वाचलं. नावाड्याची मुलगी त्याच्याकडे न बघता म्हणते की पाणी थंड आहे, आणि तुला पोहणं अजून येत नसणारच. मग दोघं उलट्या नावेवर बसतात. बस, एवढंच. नदी वाहते.

आजींनी पुस्तक मिटलं.

टिकटिक. टिकटिक.

"सिग्ने," आजी म्हणाल्या. "तुझं घड्याळ अजून खोकतं."

नाव घेतलं गेलं होतं. त्या माळावर जे कधी कुणी करत नाही ते झालं होतं. आता कट् आवाज आला असता तरी कुणी सिग्नेला दोष दिला नसता.

"मी तेव्हा बोलले ते," आजी म्हणाल्या, "ते हसण्यासाठी बोलले. तुझं पोर गेलं होतं आणि मी हसले."

टिकटिक.

"रडायला आलं होतं मला," सिग्ने म्हणाली. आवाज म्हातारा होता, पण वळण तेच. "आणि मग हसू पण आलं. त्याचाच जास्त राग आला. कारण खरंच, मी कोंबड्यांसाठी दारात पोतं टाकलं होतं."

आजींच्या तोंडून काहीतरी निघालं. हसणं होतं की काय ते एस्थरला ओळखता आलं नाही.

"रस्ता परवा होईल म्हणतात," सिग्ने म्हणाली.

"होईल."

"मग ये." ती थांबली. "पण गाय आणू नकोस."

रस्ता त्यानंतर दोन दिवसांनी झाला. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फ, मधून एक पांढरी गल्ली. एमिलने ट्रकमधून आजींना नेलं. मांडीवर कोलाच्यांचं, खसखस भरलेल्या गोड चेक पावांचं ताट, फडक्यात बांधलेलं. मास्तरीणही बरोबर होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला राहवलं नाही.

सिग्ने दारातच उभी होती. ठेंगणी झाली होती. वेण्या आता खरोखरच पांढऱ्या होत्या. आजी पायऱ्या चढल्या. दारात पोतं होतं. त्या थांबल्या आणि बूट पुसू लागल्या. एक पाय, मग दुसरा. पुन्हा पहिला. टाच, मग चवडा. सिग्ने बघत होती. आजींनी वर बघितलं नाही. जणू एवढी वर्षं तिथेच पुसायची राहिली होती.

"पुरे," सिग्ने म्हणाली. "थंडी आत येतेय."

आत घड्याळ खरखरलं. आजींनी त्याच्याआधीच खोकून दाखवलं. सिग्नेने भिंतीला हात टेकला आणि हसता हसता खाली वाकली. मग सरळ होऊन तिने फ्रॉक झटकला. आधी पुढून, मग मागून.